नाटकावरून झालेलं बोलणं

मी अन् माझ्या बायकोनं सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे नाटक पाहणं. धान निघाल्यावर तिच्या माहेरी, सिंदेवाहीकडं, नाटक होतं. जमिनीवर पोत्याची बोरी अंथरून बसलो. नाटकात नवरा-बायको दोघंही शिकलेले, विचार करणारे. तो लाल झेंड्याचा, ती बुद्धाची. एकमेकांवर जीव, पण वाद मिटेना. शेवटी ती घर सोडून जाते.

आमचं तेच होतं. दीक्षा छप्पन साली सोबतच घेतली. पुढं मी कारखान्यात लाल झेंडा धरला अन् विहाराची पायरी चढणं सोडलं. ती रोज जायची.

परतताना एसटीत ती म्हणाली, "वेगळे काऊन झाले ते? एका घरात राहून भांडता नाई येत काय?"

"तिनं त्याले विहारात ओढलं असंन."

"तुमाले मी तीस वरसं ओढून राह्यली. एखादा बैल आला असता." मग हळूच म्हणाली, "एकदा या ना. माह्यासाठी."

"तू मेली का मंग येतो," मी म्हटलं. बाजूचे हसले.

त्याच संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपली.

दुसऱ्या दिवशी विहार झाडायची पाळी तिची होती. बायकांनी तशा पाळ्या लावल्या होत्या. सकाळी ती घरात निजवलेली असताना मी खराटा घेऊन गेलो. सगळं झाडलं. बुद्धवंदना मला आता येत नव्हती, हातही जोडले नाहीत. मग तिला पोचवायला घरी आलो.