सरांची पॅन्ट आणि आधी आडवं, मग उभं

आमच्या गणिताच्या सरांचं लग्न माझ्यामुळे मोडता मोडता वाचलं, आणि तेही मला आयुष्यात पहिल्यांदा गणित समजलं म्हणून!

जव्हारच्या बाजारात माझ्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. अब्बा गिऱ्हाइकाला टेप लावून आकडे सांगायचे आणि शाळा सुटली की ते वहीत उतरवायचं काम माझं. वहीत नाव नाही, गाव नाही. पावतीचा नंबर आणि पुढे नुसते आकडे! कुठला आकडा कशाचा, ते क्रमावरून ओळखायचं. आधी लांबी, मग कंबर. हा क्रम अब्बांना त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेला, त्यामुळे त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

मी नववीत. एका बुधवारी सरांनी आलेख शिकवायला घेतला. फळ्यावर एक आडवी रेघ, एक उभी रेघ. "आधी आडवं मोजा, मग उभं! (२, ५) हा बिंदू वेगळा आणि (५, २) वेगळा. क्रम चुकलात तर निघाल जामसरला आणि पोचाल साखरशेतला!"

वर्ग हसला. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. (तो पडला नसता तर फार बरं झालं असतं.)

त्याच संध्याकाळी सर दुकानात हजर! सर उंचीला बेताचे आणि घेराला सढळ.

"चाचा, रविवारी मोखाड्याला मुलगी बघायला जायचंय. आधीच्या दोन ठिकाणांहून नकार आलाय. हे कापड खास नाशिकहून आणलंय, जरा बघा."

"बेफिकर राहा मास्तर. फक्त पोट आत ओढू नका, माप चुकतं."

पोट बाहेर आलं. अब्बांनी टेप फिरवली. "लिही नसीम. लांबी छत्तीस, कंबर चव्वेचाळीस."

मी पेन्सिल टेकवली आणि थबकले. लांबी म्हणजे उभं. कंबर म्हणजे आडवं. आणि आधी काय? आडवं! ज्यांनी सकाळी शिकवलं तेच सर समोर उभे असताना मी उलटं लिहू? मी ऐटीत लिहिलं, (४४, ३६). कंसासकट!

शुक्रवारी अब्बांनी कापड पसरलं, वही उघडली.

"ये चांद कशाला काढलेस गं दोन्ही बाजूला?"

"गणितात असंच लिहितात, अब्बा."

"वा! लेक शिकली माझी!" असं म्हणून त्यांनी कौतुकाने कात्री चालवली. कापताना माणूस आठवायचा नाही, वही बघायची, हाही उस्तादांचाच नियम.

शनिवारी सर पॅन्ट घालून बघायला पडद्यामागे गेले. बराच वेळ नुसती खुडबुड. मग आवाज आला, "चाचा, माझे पाय सापडत नाहीयेत."

"आणि कंबर?"

"ती वरच येत नाहीये!"

अब्बांनी वही ओढली. "या अल्ला! लांबी चव्वेचाळीस? हा मास्तर आहे का विजेचा खांब? नसीम!"

"अब्बा, आधी आडवं असतं, मग उभं," मी रडकुंडीला आले. "सरांनीच शिकवलं!"

पडद्यामागून आवाज आला, "मी शिकवलं?" मग पडलेल्या आवाजात, "हो. मीच शिकवलं."

आता मात्र मला खरंच रडू फुटलं. कापड संपलेलं, उद्या सकाळची एसटी, आणि तिसरा नकार माझ्या कंसामुळे येणार! अब्बा पॅन्टकडे बघत बसले आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "रडतेस काय! खाली आठ इंच जास्त आहे, वर आठ इंच कमी आहे. खालचं वर नेऊ!"

त्यांनी दोन्ही पायांचं खालचं जास्तीचं कापड कापलं आणि त्याची त्रिकोणी कळी मागच्या शिवणीत बसवली. पॅन्ट पुढून एकदम नवरदेवाची. मागून मात्र तंबू!

"मास्तर, एकच करा," अब्बांनी बजावलं. "उद्या कुणाला पाठ दाखवू नका."

सोमवारी सर पेढे घेऊन आले. मोखाड्याला ते भिंतीला टेकून बसले, आणि निघताना हात जोडून, सगळ्यांकडे तोंड करून, उलट्या पावली उंबऱ्यापर्यंत गेले. मुलीचे वडील गहिवरले म्हणे! "थोरामोठ्यांना पाठसुद्धा दाखवत नाही! असा मुलगा आजकाल मिळतो कुठे?" लग्न पक्कं!

मला इतका आनंद झाला की मी तीन पेढे खाल्ले. अब्बांनी मात्र मला सोडलं नाही. आठवडाभर भाकरी वाढतानाही विचारायचे, "आधी काय?"

"लांबी, अब्बा."

"मग काय?"

"कंबर."

आणि पुढच्याच आठवड्यात चाचणी आली. वाय बरोबर दोन एक्स, आलेख काढा. मी बिंदू काढले, (१, २), (२, ४), (३, ६), आणि पाठ केल्याप्रमाणे मांडले. आधी उभं, मग आडवं! रेषा सरळसोट आली म्हणून मी खूश. फक्त जी तरातरा चढायला हवी होती, ती घाट संपत आल्यासारखी आडवी कलली होती.

पेपरावर लाल शाईत ०/१० घेऊन मी अब्बांच्या सहीसाठी दुकानात गेले.

"अब्बा, हे ना, उलटं वाचायचं असतं."

अब्बांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, आधी शून्य, मग दहा. क्रम बदलायचा नाही."