माणिकरावांचे तहानलेले दाणे

माणिकराव कँटीनमध्ये दोन पेले घेऊन बसत. एकात चहा, दुसऱ्यात कोमट पाणी आणि त्यात आम्ही बनवलेले औषधाचे चार दाणे. चहा संपला तरी दाणे तसेच राहिले, की म्हणत, "हौ, आज झोप लागंल."

हैदराबादच्या एका औषध कारखान्यात ते लेप देण्याचं यंत्र चालवत. मी प्रॉडक्शन मॅनेजर होतो. रक्तदाबाचं औषध आम्ही सच्छिद्र दाण्यांत मुरवत असू. त्यावर पॉलिमरचा लेप, म्हणजे पोटात औषध दिवसभर हळूहळू सुटावं. "दाणा तहानलेला असतोय, साहेब," माणिकराव सांगत. "आधी तहान भागवा, मग पांघरूण घाला. नाहीतर तो पांघरूणच पिऊन टाकतो." म्हणून मुख्य लेपाआधी ते एक पातळ अस्तर देत, आणि ते सुकेपर्यंत कुणाचंही ऐकत नसत.

एकदा माल रवाना करायची घाई होती. मी म्हणालो, "आज अस्तर राहू द्या."

"नक्को, साहेब. लिहून द्या, मग करतो."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

ते यंत्राकडे वळले आणि अस्तर न देताच मुख्य लेप सुरू केला.

तपासणीत नमुना कसाबसा पास झाला. पण काही आठवड्यांत लेपाला भेगा पडल्या. दिवसभराचं औषध पोटात एकदम सुटू लागलं. ते औषध घेणारी एक म्हातारी बाई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली, ती उठलीच नाही.

चौकशीत माणिकराव एवढंच म्हणाले, "साहेबांना विचारा."

मी म्हणालो, "मी असं काही सांगितलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हौ. साहेब म्हणतात तर तसंच असंल."

त्यांची नोकरी गेली. दुसऱ्या कुठल्याच कारखान्याने त्यांना दारात उभं केलं नाही. शहरातल्या कोठी भागात एका पुस्तकाच्या दुकानात ते गठ्ठे बांधायला लागले. तिथेच एकदा गाठ पडली. माझ्या हातातली औषधांची पिशवी पाहून म्हणाले, "बीपी? पाण्यात टाकून बघा, साहेब. मगच घ्या." मी त्या आवाजात टोमणा शोधला. सापडला नाही.

गेल्या महिन्यात ते गेले. मी खरं काय घडलं ते चार पानांवर लिहिलं, एक प्रत कारखान्याला पाठवली आणि दुसरी घेऊन बरकतपुऱ्यात त्यांच्या मुलीकडे गेलो. तिने पानं उलटून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली.

"काका, मला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. बाबांबद्दल चांगलं लिहिलंय ना? तुम्हीच वाचा."

माणिकरावांच्या पत्नीने खुर्ची जवळ ओढली. मी चष्मा लावला. पहिलंच वाक्य होतं, 'अस्तर गाळायला मी सांगितलं होतं.'