रेडिओवरची राणी

फसली १३५५, बहमनची चौदा तारीख, दुपारचे चार. इंग्रजी हिशेबाने १९४५चा डिसेंबर. नळदुर्गच्या चावडीसमोर माणसे दाटली होती. किल्ल्यात बोलपट घेण्यासाठी आलेल्या कंपनीच्या मालकाने सकाळीच दवंडी पिटवली होती : रेडिओवरची राणी आज चावडीवर येणार.

चावडीतला सरकारी रेडिओ माझ्या ताब्यात होता. दर गुरुवारी हैदराबादेहून मराठी नाटक लागे. त्यातली राणी बोलू लागली की माणसे पायांतले जोडे काढीत. नाटकाआधी यंत्राला हार घालण्याची रीत पडली होती. तो हार दोन वर्षे मीच घातला.

मोटारीतून दोन बाया उतरल्या. एक गोरी, जरीच्या लुगड्यातली, कंपनीतली नटी. दुसरी हबशी, निजामाच्या पहाऱ्यावरील शिपायाची मुलगी. काळी, आखूड कुरळ्या केसांची. राणीचा आवाज या दुसरीचा होता. बोलपटातली राणीही आपणच व्हावे, असा तिचा हट्ट होता. लोक जिला राणी मानतील तिलाच भूमिका, अशी अट घालून मालकाने तिला आणले होते. हे त्याने फक्त मला सांगितले होते, आणि त्याने विचारीपर्यंत मी बोलू नये, असे बजावले होते.

पाटलांनी हार गोऱ्या बाईच्या गळ्यात घातला.

हबशी बाई पायरी चढली आणि नाटकातले वाक्य म्हणाली, "दरवाजे उघडा. राणी आपल्या पायांनी बाहेर येईल."

चार-सहा जण सवयीने जोड्यांकडे वाकले. मग पाटील हसले. "नक्कल झ्याक करती. राणीची मोलकरीण हाय व्हय?"

"मोलकरीण कुठली, पाटील? चुलीतनं वढलेलं लाकूड हाय," मागून कोणी म्हणाले.

"याच लाकडानं दोन वर्सं तुमचे जोडे काढवले," ती म्हणाली. हसणे थांबले. ती माझ्याकडे वळली. "भाईसाब, यंत्रापाशी तुम्ही बसता. आवाज कुणाचा, तुम्ही सांगा."

"सांगा," मालक म्हणाला. "तुमचा शब्द शेवटचा."

"यंत्रातून सगळे आवाज सारखेच येतात," मी म्हणालो.

ते खोटे होते. मालकाने सांगितले नसते, तरी पहिल्याच शब्दाला मी तिला ओळखले असते. ज्या आवाजाला मी हार घातला तो त्या तोंडातून निघावा, याचा मला संताप आला होता.

"सारखेच येतात, तर हार कशाला घालता?" तिने विचारले. ती पायरी उतरून मोटारीत जाऊन बसली.

त्या बोलपटात गोऱ्या बाईने ओठ हलवले. आवाज हबशी बाईचाच घातला. ही मागे परात धरून उभी होती. पुढे सोलापुरात तिचे आणखी तीन बोलपट मी पाहिले. तिन्हींत ती दासी होती, आणि एकातही तिला वाक्य नव्हते. माझा शब्द बदलण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही. मी ती शोधलीही नाही.

त्या दिवशी माणसे पांगल्यावर मी चावडीत गेलो. रेडिओची बॅटरी उतरली होती. तारा सोडल्या, तारा जोडायच्या खुंट्यांवर धरलेली पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली आणि सहाच्या मोटारीने बॅटरी सोलापूरला भरायला पाठवली.