दुष्काळातली बाई

“तुला मेकअप लागणार नाही,” प्राचार्य म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. ते हसणं आजही मला माफ होत नाही.

सेमिनरीचा स्थापना दिवस जवळ आलेला. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये आमची जुनी दगडी इमारत. चर्चचे पाळक, म्हणजे पास्टर व्हायला तिथे शिकायला आलेल्या मोजक्या मुलींत मी एक. सेमिनरीच्या इतिहासावर नाटक बसवलं जात होतं. पहिले ख्रिस्ती झालेले पंडित, डोक्यावर पगडी, ते काम प्राचार्यांच्या पुतण्याला. प्राचार्यांचं घराणं त्या पंडितांचंच. मला दिली दुष्काळातली बाई. मिशनरी साहेबापुढे गुडघे टेकायचे, पदर पसरायचा, भाकरी घ्यायची. वाक्य एकच. “साहेब, आम्ही तुमच्या देवाचे.”

बायबलच्या ग्रीकमध्ये वर्गात पहिली मी. वाटलेलं, नाटकाचं निवेदन मला देतील.

आम्ही डोंबिवलीचे. पप्पा एमआयडीसीत केमिकल कंपनीत, मम्मी हॉस्पिटलात आया. मूळचे नगरकडचे, महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. हे मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. आडनाव विचारतात, गाव विचारतात, मग आवाज मऊ करतात.

तालमीत रोज गुडघे टेकले. नाटक बसवणारे सर म्हणायचे, “अजून लाचार दिस.”

रविवारी घरी गेले. मम्मी मेथी निवडत होती. “काय काम आहे गं तुला नाटकात?”

सांगितलं. तिचे हात थांबले.

“आपण भाकरीसाठी नाही आलो,” ती म्हणाली. “तुझ्या पप्पांच्या आजोबांना गावच्या शाळेत उंबऱ्याबाहेर बसवायचे. मिशनच्या शाळेत आत घेतलं, म्हणून आले. पाळक व्हायचं होतं त्यांना. ह्याच मिशनच्या सेमिनरीने नाही घेतलं. म्हणाले, चर्चच्या देवळाची झाडलोट कर, घंटा वाजव. जन्मभर वाजवली.”

“मला सांगितलं का नाही?”

“तू खुशीत गेलेलीस.”

सोमवारी तालमीत सांगितलं, “सर, मी पदर पसरणार नाही.” प्राचार्यांनी ऑफिसात बोलावलं.

“अगं, इतिहास आहे तो.”

“अर्धा आहे, सर. भाकरी दिलेली दाखवता. दार लावलेलं दाखवत नाही.”

ते चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “पाळकपदाच्या दीक्षेची शिफारस माझ्याकडूनच जाते. लक्षात ठेव.”

“ठेवते, सर.”

नाटक झालं. माझं काम दुसऱ्या मुलीने केलं. टाळ्या पडल्या. मम्मी माझ्या शेजारी हातांची घडी घालून बसलेली.

शिफारस गेली नाही. बरोबरची मुलं पाळक झाली, त्यांच्या दीक्षाविधीला मी मागच्या बाकावर होते. पप्पा म्हणाले, “माफी माग, वर्षं फुकट जातील.” मागितली नाही. तेव्हापासून शांत नाहीये मी. प्रार्थनेला बसले तरी पाय हलत राहतात.

लोक विचारतात, दुसरीकडे का जात नाहीस? नाही जाणार. पुढच्या पदवीला तिथेच अर्ज केलाय. विषय, ह्याच सेमिनरीचा इतिहास. कुणाकुणाला आत घेतलं नाही, ते मी तिथे बसून लिहिणार. त्यांच्याच वर्गात शिकवणार. अर्ज नाकारतील. पुन्हा करीन. आणि पाळक होईन, ह्याच चर्चच्या मंडळीत.