सतरावं पान

पुस्तिका सतरा पानांची होत होती, आणि सतरा पानांची पुस्तिका नसते. कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, त्यामुळे पिन मारायची पुस्तिका चारच्या पटीतच लागते. सोळा नाहीतर वीस. डिसेंबरात आमच्या रत्नागिरीच्या छापखान्यात कॅलेंडरांची घाई असते. मालक आबांनी सांगून टाकलं, "सोळात बसव गो. मशीन आजच्यापुरतंच मोकळं हाय."

काम शांतवन सरांचं होतं. देवरूखला शाळेत शिकवून निवृत्त झालेले. येशूच्या जन्मकथेत जुन्या करारातलं, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातलं, काय काय आलंय ते त्यांनी तीन वर्षं खपून शोधलं होतं. नाताळला चर्चमध्ये ती पुस्तिका वाटून त्यावर बोलायचं होतं. नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून शेवटचं प्रूफ त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

मी वीस वर्षं डीटीपी करते. क्लायंट एकच मजकूर दोनदा पेस्ट करतात, आणि तो पकडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. इथेही सापडला. नवव्या पानावर येशूच्या आईचं, मरीयेचं गाणं: गर्विष्ठ खाली येतात, भुकेले तृप्त होतात. दहाव्यावर हन्ना नावाच्या बाईचं, जवळपास तेच. सर आधीचा खर्डा काढायला विसरलेत, असं समजून मी दहावं पान उडवलं. सोळा झाली. आबा खूश. छपाईच्या प्लेटा निघाल्या.

दुपारी सर आले आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. बेथलेहेमपाशी जुन्या करारातल्या मीखा संदेष्ट्याचं वचन आलं, मिसरपाशी होशेय संदेष्ट्याचं. सर मान डोलवत होते. मरीयेचं गाणं संपवून मी पुढे गेले, तशी मान थांबली.

"हन्ना कुठाय?"

मी खरं ते सांगितलं. सर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. शाळेत समजावावं तसं म्हणाले, "सुनंदाताई, येशूची जन्मकथा मत्तय आणि लूक दोघांनी लिहिली. मत्तय प्रत्येक वेळी सांगतो की हे संदेष्ट्यानं लिहून ठेवलंय. लूक सांगत नाही. जुन्या करारातल्या हन्नाला मूल नव्हतं, देवानं ऐकलं, शमुवेल झाला, तेव्हा ती हे गायली. मरीयेच्या गाण्यात तोच सूर आहे, पण लूक हन्नाचं नाव घेत नाही. ते दाखवायलाच तर मी ही पुस्तिका केली."

म्हणजे मी नेमका गाभाच काढून टाकला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाइप बारीक करते म्हटलं, तर म्हणाले, चर्चमधल्या म्हाताऱ्यांना दिसणार नाही. चार पानं वाढवायची तर आबा नाही म्हणून मोकळे.

सर म्हणाले, "मग माझं मनोगत काढा. तिथं हन्नाला बसवा."

मनोगत मीच टाइप केलं होतं. त्यात त्यांची तीन वर्षं होती, वारलेल्या बायकोचे आभार होते. आणि सरांचं नाव फक्त तिथेच होतं. निदान कव्हरवर नाव टाकते, असं मी म्हटलं.

"राहू दे. हन्नाचं नाव नव्हतं, तरी ओळखणारे ओळखतच होते."

आबांनी पुटपुटत प्लेटा पुन्हा काढल्या. पुस्तिका वेळेत गेली. नाताळनंतर छापखान्यात फोन येऊ लागले, कारण पुस्तिकेवर नाव होतं ते फक्त छापखान्याचं. "छान झालंय" म्हटलं की आबा "हो, हो" करायचे. मी फोन काढून घेऊन सरांचं नाव सांगायची.

आता सारखा मजकूर दिसला की उडवायच्या आधी विचारते, एक दुसऱ्याच्या आधारानं उभा आहे का. पण चूक माझी आणि नाव गेलं सरांचं, हे मला अजून पटलेलं नाही.