छातीत नसलेली मशीन

ते प्रकरण आठवलं की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. घाटंजी तालुक्यातली माझी शेवटची नेमणूक. बाजाराचा दिवस होता आणि ठाण्यात पाकीटमारीच्या तक्रारींची गर्दी. तेवढ्यात तांड्यावरचा एक शेतकरी ठाणे अंमलदाराला बाजूला सारून थेट माझ्या टेबलापाशी आला.

"साहेब, बायको यवतमाळले दवाखान्यात हाय. छातीत मशीन बसवा लागते म्हणते डॉक्टर. अन् कम्प्युटर म्हणते, बसवली हाय! कोणं बसवली? कवा बसवली?"

मी डॉक्टरांना फोन लावला. बाईला हार्ट ब्लॉक होता. हृदयात घातलेल्या तात्पुरत्या तारेवर ठोके चालू होते, पेसमेकर लगेच हवा होता. एक्स-रेत मशीन नव्हती. पण सरकारी आरोग्य योजनेच्या नोंदीत एका खासगी रुग्णालयाने तिच्या नावावर हाच आजार, हाच कोड टाकून पेसमेकरचं बिल उचललं होतं. पोलिसांचा अहवाल आल्याशिवाय दुसरी मंजुरी मिळणार नव्हती. बाई हातची जाण्याची वेळ आली होती. माझं डोकंच फिरलं.

त्या रुग्णालयासाठी तांड्यात तपासणी शिबिर भरवून लोकांचे अंगठे घेणारा एजंट शेतकऱ्याने सांगितला; तो बाजारातच सापडला. तो गाडीला किक मारेपर्यंत आमच्या हवालदाराने किल्ली काढून घेतली होती.

चौकशीत पठ्ठ्या डगमगला नाही. "मशीन बसली साहेब. मी सोता हजर होतो. हार्टात ब्लॉक होता. मांडीतून तार घातली, फुगा फुगवला, नळी मोकळी केली!"

खोटं बोलणाऱ्याला मी मध्येच अडवत नसे. जबाब पुरा लिहून घेतला आणि स्पीकरवर डॉक्टरांना वाचून दाखवला.

"साहेब, हा तुंबलेल्या नळीचा इलाज सांगतोय," डॉक्टर म्हणाले. "हिच्या नळ्या ठीक आहेत. हृदयातला करंट खाली पोचत नाही, त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. त्याची मशीन छातीवर, कातडीखाली बसते."

मी टेबलावर हात आपटला. सापडला!

एजंटचा चेहरा उतरला. "मले काय मालूम साहेब, ब्लॉक दोन असतात! कोड दवाखान्यातला माणूस टाके. मी नुसती माणसं नेऊन देत होतो."

गुन्हा दाखल केला, अहवाल धाडला आणि मंजुरी येईपर्यंत फोन सोडला नाही. ती आली तेव्हा ठाण्यात टाळ्या वाजल्या.

अशा गुन्ह्यांना आम्ही 'कागदोपत्री फसवणूक' म्हणतो. खोटी नोंद खऱ्या आजाराची वाट अडवते, हे मला या प्रकरणाने शिकवलं. पुढे बाईचा जबाब घ्यायला वॉर्डात गेलो. तिने छातीवरच्या पट्टीला हळूच बोट लावलं.

"साहेब, यावक्ती मशीन छातीत बसवली नं? का पुन्हा कम्प्युटरात?"

"छातीत, बाई," मी म्हणालो, आणि जबाबाची पहिली ओळ तीच लिहिली.