आमची राइड ठरली आहे

उल्हासराव टिपणीसांना देणं छान जमे. मागायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटे. एकोणसत्तर सालापासून अमेरिकेतल्या वूस्टर-श्रूजबरीच्या बाजूला जो कुणी मराठी माणूस नव्यानं राहायला आला, त्याला लोगन विमानतळावरून यांनीच घरी आणलं. गोंधळलेला चेहरा आणि दोरीनं आवळलेली बॅग दिसली की "चला, गाडी तिकडे आहे" म्हणून पुढं निघत. मग बायकोच्या, पद्मजाबाईंच्या हातचा वरणभात, दुसऱ्या दिवशी थंडीचा कोट, तिसऱ्या दिवशी भाड्याची खोली, सगळं त्यांच्या स्टेशन वॅगनमधून. कुणी पेट्रोलचे पैसे पुढे केले तर खेकसत, आणि मनातून खूष होत. घरी वाढून वाढून पद्मजाबाईंचे हात दुखत, त्याचं कुणाला काय!

शहाऐंशीच्या वसंतात उल्हासराव कारखान्यातून रिटायर झाले आणि महिनाभरात त्यांनी गाडीनं शेजाऱ्याची टपालपेटी आडवी केली. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे, समोरचं दिसेल, बाजूचं दिसणार नाही, गाडी बंद. स्टेशन वॅगन विकली गेली. लोकांना मात्र सांगितलं, "रिटायर झालो, आता चालायचं. एक्सरसाइज होतो." श्रूजबरीत चालायचं म्हणे! जिथं दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते आणि रस्त्याला फुटपाथ नाही, तिथं हा माणूस चालणार होता.

पद्मजाबाईंना गाडी येत नव्हती. एकदा उल्हासराव शिकवायला बसले होते, पण इतके ओरडले की बाई भर रस्त्यात गाडी थांबवून उतरल्या आणि घरी चालत आल्या. तो विषय तिथंच मिटला.

दोन रस्ते पलीकडे अतुल आणि त्याची बायको रेखा राहत, त्यांच्या पुढं राजीव. अतुलचा फोन येई, "काका, गणपतीला येताय ना? मी पिकअप करतो." उल्हासराव म्हणत, "छे रे, आमची राइड ठरली आहे. राजीव नेतोय." पाठोपाठ राजीवचा फोन. त्याला सांगत, "अतुल नेतोय." दोन्हीकडून सुटका! पहिल्या खेपेला पद्मजाबाई नारायणपेठी नेसून, केसात गजऱ्याऐवजी कुंडीतली दोन फुलं खोचून कोचावर बसल्या होत्या. अंधार पडला तेव्हा उठल्या आणि साडीची घडी घातली. मग दिवाळी गेली, संक्रांतीचं हळदीकुंकू गेलं, कुणाच्या मुलीचं डोहाळजेवण गेलं. वाणसामानाला आठवड्यातून एकदा वूस्टरची टॅक्सी येई, तीही शेजारी कामावर गेल्यावर. वर्षभरात बाईंनी चारचौघांत बसून मराठीत एक शब्द उच्चारला नाही. त्या चिडल्या, रुसल्या, एकदा तर जेवल्याही नाहीत. उल्हासराव वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसत.

आणि सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये साहेब लायब्ररीतलं जाडजूड पुस्तक घेऊन खोलीतून बाहेर आले. "आपण लिस्बनला जायचं."

"लिस्बन? ते आणि कुठं आलं?"

"पोर्तुगालमध्ये. सात टेकड्यांवरचं गाव. बोळ इतके अरुंद की गाडी घेऊन गेलेला माणूस गाढव ठरतो. ट्रामनं फिरायचं."

पद्मजाबाईंना सगळं लख्ख समजलं. युरोपात गेलेले आपले लोक एकतर टूरच्या बसमध्ये बसतात, नाहीतर गाडी भाड्यानं घेतात. गाडी न घेता जायचं म्हणजे लोक विचारणार. जिथं गाडी नसणं हीच शहाणपणाची गोष्ट, असं गाव नवऱ्यानं बरोबर हुडकून काढलं होतं. पण बाईंनी सरळ माळ्यावरची बॅग काढली. त्यांनी आजवर युरोप पाहिला होता तो विमान बदलताना काचेतून. घराबाहेर पडायला मिळतंय ना, मग टेकड्या काय नि डोंगर काय!

एप्रिलमध्ये निघाले. लोगनला कसं जाणार? अतुलला सांगितलं, राजीव सोडतोय. राजीवला सांगितलं, अतुल. आणि टॅक्सी करून गेले.

लिस्बनमध्ये उल्हासराव एकदम दहा वर्षांनी तरुण झाले. सकाळी पिवळ्या ट्राममध्ये चढायचं, लाकडी बाकावर बसायचं, ट्राम कण्हत कुंथत टेकडी चढायची. भिंतींना फुलांच्या निळ्या फरशा, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे, ट्राम इतकी जवळून जाई की कुणाची चादर हाताला लागावी. तीव्र उतारावर वरखाली करणारा एक डबाच होता, त्यात बसून टेकडीच्या माथ्यावर जायचं, कॉफी प्यायची आणि रमतगमत पायऱ्यांनी खाली यायचं. सगळीकडं म्हातारी माणसं. दम लागला की अनोळखी घराच्या उंबऱ्यावर बसत. ट्रामची पायरी उंच पडली तर नुसता हात वर करत, आतला कुणीतरी तो धरून त्यांना ओढून घेई. मागणाऱ्याला लाज नाही, देणाऱ्याला ऐट नाही. पद्मजाबाई हे बघत राहत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पायऱ्या उतरताना उल्हासरावांचा पाय चुकला. डावीकडची पायरी त्यांना दिसलीच नाही. कठड्याला धरून सावरले, तोवर मासळीची टोपली घेऊन चाललेल्या एका धिप्पाड बाईनं त्यांचा दंड पकडला. ती पोर्तुगीजमध्ये त्यांना चांगली फैलावर घेत थेट खालपर्यंत घेऊन आली. उल्हासराव लहान मुलासारखे तिच्याबरोबर आले. खाली आल्यावर "थँक यू, थँक यू" म्हणत तिच्यापुढं वाकले.

पद्मजाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. बाई जाईपर्यंत त्या थांबल्या.

"या मासळीवालीचा हात चालतो तुम्हाला. आणि अतुलची गाडी चालत नाही, होय हो?"

"तुझं आपलं काहीतरीच."

"काहीतरीच कसं? वर्षभर मला घरात कोंडून ठेवलंत!"

उल्हासराव तिथल्याच एका उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "अगं, अतुलला लोगनहून मी आणलंय."

"मग?"

"मग काय! आता त्याला न्यायला ये म्हणायचं, म्हणजे दिलेलं परत मागितल्यासारखं होतं. शरम वाटते मला."

"तुम्ही आणलंय ना त्याला? मी कुणालाच आणलेलं नाही. मला शरम वाटायचं कारण नाही. घरी पोचलो की मी फोन करणार, आणि का ते सांगून करणार."

असं त्या लग्नानंतर पहिल्यांदाच बोलल्या असतील. दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये उल्हासराव खिडकीबाहेरच बघत होते. मात्र पायऱ्या आल्या की आपणहून बायकोचा खांदा धरत.

लोगनला उतरले तेव्हा पाऊस पडत होता. सामान आलं. बाहेर टॅक्सीची रांग होती. पद्मजाबाई सवयीनं तिकडं वळल्या, तर नवरा शेजारी नाही. बघतात तो उल्हासराव भिंतीवरच्या फोनपाशी उभे, खिशातली नाणी चाचपताहेत. बॅग ओढत त्या जवळ गेल्या.

"अतुल? उल्हासकाका बोलतोय. नाही नाही, राजीव आलेला नाही. त्याला मी बोलावलंच नव्हतं." मग फोन दुसऱ्या कानाला लावून, "अरे, माझे डोळे गेलेत. मला बाजूचं दिसत नाही. वर्ष झालं. गाडी चालवता येत नाही मला. आम्हाला न्यायला येशील का रे?"

पद्मजाबाई सूटकेसवर बसल्या आणि लोकांची पर्वा न करता रडल्या. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

फोन बराच वेळ चालला. उल्हासराव हं, हं करत होते. ठेवून आले तेव्हा त्यांचा चेहरा घामेजला होता.

"येतोय. आपण उभे आहोत त्या दारासमोरच गाडी आणतो म्हणाला. अगं, रडतेस काय?"

"काही नाही. आणखी काय म्हणाला? एवढा वेळ बोलत होतात ते."

"रेखानं रविवारी चैत्रातलं हळदीकुंकू ठेवलंय. म्हणाला, मी स्वतः न्यायला येतो, फक्त काकूंना विचारून ठेवा, दमल्या असतील तर..."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, विचारायचं काय त्यात? तू नुसता ये, ती नेसून दारातच उभी असेल."